घोट्यापर्यंतची ओळख

जोडेवाल्याला लोकांची तोंडं लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी हाक मारली की त्याची नजर आधी खाली जायची, मग ओळख पटायची आणि मग मान वर करून तो विचारायचा, "काय, करंगळी अजून घासते का?" नवख्या बायकांना वाटायचं, माणूस लाजाळू आहे. लाजाळू कसला! तेवढ्या वेळात त्यानं अंगठ्यापासून टाचेपर्यंत त्यांचा सगळा पंचनामा उरकलेला असायचा.

दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. दोन माणसं समोरासमोर बसली तर गुडघे लागतील, एवढंच. मागच्या भिंतीवर खिळ्यांना फर्मे टांगलेले. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय, त्याच्यावर चामडं ताणून जोडा शिवतात. जुन्या गिऱ्हाइकांचे फर्मे त्यानं वेगळे ठेवले होते आणि ज्याच्या पायाला जिथे हाडूक वाढलं असेल तिथे त्याच्या फर्म्यावर चामड्याचा तुकडा ठोकलेला असे. गिऱ्हाईक वारलं की फर्मा शेगडीत जायचा. ते काम मात्र तो बायकोला सांगायचा, स्वतःच्या हातानं करत नसे.

घासलेला तळ बघून कोण पितो, कोण घरी जायला नाखूश असतो आणि कोण वय चोरतो, हे तो सांगत असे. अमक्याच्या सुनेला दिवस गेलेत हे तिच्या सासूच्या आधी याला कळायचं, कारण बूट घट्ट व्हायला लागायचे. बरं, सांगताना त्याच्या तोंडावर जो भाव असायचा तो बघून एखाद्याला त्याच्या डोक्यात आरी घालावीशी वाटली असती. माणूस वाईट नव्हता. पण आपल्याला माणसं कळतात असा त्याचा पक्का समज होता, आणि तो समज मोडायची कुणाला गरज पडली नव्हती.

बायको देवभोळी नव्हे, देवाची होती. दर रविवारी चर्च, रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी प्रार्थना. तिचं एकच म्हणणं होतं की परमेश्वर प्रत्येकाला आतून बाहेरून ओळखतो. आपण बसलो, उठलो, मनात काही आणलं आणि गिळलं, ते सगळं त्याला ठाऊक असतं. डोक्यावरचे केससुद्धा त्यानं मोजलेत, असं ती म्हणायची.

"केस मोजून काय करायचंय?" जोडेवाला म्हणायचा. "रोज गळतात. मोजायचे तर पाय मोजावेत."

"तुम्ही देवाशीसुद्धा धंद्यातल्या माणसासारखं बोलता."

"तो धंद्यातलाच आहे. त्याच्याकडे सगळ्यांचे फर्मे असणार."

हे तो थट्टेनं म्हणे, पण त्याची श्रद्धा म्हणाल तर तेवढीच होती. वर कुठेतरी एक भलीमोठी भिंत आहे, तिच्यावर आपलाही फर्मा टांगलाय, आणि तो कुठे आहे ते दुकानाच्या मालकाला न शोधता सापडतं. प्रार्थनेला तो बायकोशेजारी बसायचा, डोळे मिटायचा आणि मनातल्या मनात उद्याचे तळ कापायचा.

मुलगा उशिरा झाला, एकुलता एक. आणि नेमके त्याचे पाय बसके निघाले. ओल्या पायानं फरशीवर चालला की अख्खा तळवा उमटायचा, मधे कमानीची जागा कोरडी राहायचीच नाही. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ मुलांचे असतात, काही बिघडत नाही. पण जोडेवाल्याच्या घरात सपाट पायाचं पोर म्हणजे त्याला जगात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. त्यानं पोरासाठी बूट शिवले. जाड तळ, आत कमानीच्या जागी चामड्याचे थर ठोकून केलेला उंचवटा, आणि बाजूला पोलादी पट्टी. पाच वर्षांच्या पोराला ते घालून चालताना बघून बायकोनं तोंड फिरवलं.

"बाबा, दुखतं."

"दुखणारच. सरळ होतंय ते."

पोरगा चालला की फरसबंदीवर घोडा चालल्यागत आवाज व्हायचा. शाळेतल्या मुलांनी त्याचं नाव 'टाप्या' ठेवलं आणि ते गल्लीभर झालं. दर वर्षी नवा फर्मा, नवे बूट, उंचवटा आणखी थोडा वर. बायको म्हणायची, पुरे करा आता. त्यावर तो म्हणायचा, "तुझ्या देवानं घाईत सोडलेलं काम मी पुरं करतोय." असं बोलू नये, एवढंच ती म्हणायची आणि पोराचे पाय तेलानं चोळत बसायची.

चौदाव्या वर्षी पोरानं मापाला पाय देणं बंद केलं. भांडला नाही, नुसता पाय मागे घेतला. त्यापुढचे बूट जोडेवाल्यानं अंदाजानं शिवले. पोरगाही ते घालायचा, का घालायचा कुणास ठाऊक. घरात बोलणं कमी कमी होत गेलं. आणि सतराव्या वर्षी, एका साध्या सकाळी, पट्टी ढिली झाली आहे का एवढं विचारल्यावर, पोरानं बूट काढून बापाच्या कामाच्या फळीवर ठेवले.

"मी शाळा कधी सोडली, सांगा," तो म्हणाला. "माझा दोस्त कोण आहे? मला झोप का येत नाही? यातलं एक तरी सांगा."

जोडेवाल्याच्या हातात चामडं कापायची रापी होती, ती तशीच राहिली. पोरानं शाळा सोडली आहे हेच त्याला नवीन होतं.

"तुम्ही मला घोट्यापर्यंत ओळखता, बाबा. वर कुणी आहे हे तुमच्या गावीही नाही."

आणि तो अनवाणी निघून गेला. बायको दारापर्यंत धावली. जोडेवाला जागचा हलला नाही. तो म्हणाला, "जाऊ दे. त्या पायांनी कितीसा चालणार?"

हे वाक्य त्यानं नंतर किती वेळा गिळलं असेल, त्याला गणती नाही. पोरगा चालला तो चाललाच. वर्षं गेली. कमरेचं हाड मोडून बायको अंथरुणाला खिळली आणि खिडकीशी पडून वाट बघायची तिला आणखी सोय झाली. प्रार्थनेत ती रोज एकच म्हणायची, तू त्याला ओळखतोस, त्याच्यावर नजर ठेव. जोडेवाला शेजारी बसायचा. आता तो तळ कापत नसे, पण देवाशी बोलण्याइतकं त्याला सुचतही नसे.

मग एकदा गिऱ्हाइकीतल्या एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं, तुमचा टाप्या बंदरावर दिसला, बोटीवर पोती चढवतो. बायको म्हणाली, आजच्या आज जा. जोडेवाला म्हणाला, हातातलं काम उरकतो आणि जातो. काम उरकलं, दुसरं आलं. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. पोरगा पुन्हा पाय मागे घेईल आणि तेही चारचौघांत, ही भीती. बायकोला मात्र तो म्हणायचा, "त्याला यायचं असेल तर घर ठाऊक आहे." असं करता करता त्या बंदरातली हमालांना नेणारी बोट उलटली.

बातमी चार दिवसांनी पिठाच्या दुकानातल्या रेडिओवर आली. बायकोनं ती शेजारणीच्या तोंडून ऐकली आणि जोडेवाला घरी आला तेव्हा ती उशीला टेकून ताठ बसली होती.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "तुम्ही पाय ओळखता. डाव्या कानामागे त्याला तीळ आहे, तेही बघा. हो की नाही, तेवढं घेऊन या."

"तो त्या बोटीत असेलच असं कुठे आहे?"

"मला आता रडायचं तरी आहे, नाहीतर वाट तरी बघायची आहे. दोन्ही एकदम करून मी थकले."

त्यानं पोराचा शेवटचा फर्मा, चौदाव्या वर्षाचा, पिशवीत घातला आणि तो निघाला.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, कपडे धुवायच्या खोल्यांच्या पलीकडे शवागार होतं. बाहेर एक बाक, त्यावर एक बाई बसलेली. हातावर चटक्यांचे जुने डाग. लोकांचे कपडे इस्त्री करून देणारी होती, हे तिनंच सांगितलं. तिचाही मुलगा बंदरावर हमाल होता. बोटीतले बाकीचे सगळे घरच्यांनी ओळखून नेले होते. आता आत एकच उरला होता आणि बाहेर ही दोघं.

"बोटीत किती जण होते ते कुणालाच माहीत नाही," शवागाराचा माणूस म्हणाला. तो थकलेला होता, पण उर्मट नव्हता. "रोजंदारीची पोरं. मुकादमानं नावं विचारलीच नव्हती. अंगात सगळ्यांच्या मुकादमानं दिलेले एकसारखे निळे सदरे. कदाचित अजून कुणी पाण्यात असेल, कदाचित नसेलही."

रक्तावरून नातं सांगणारी तपासणी तेव्हा निघालेली नव्हती. जे काय ओळखायचं ते डोळ्यांनी.

"ह्या ताईंनी बघितलं," तो माणूस आत शिरता शिरता म्हणाला. "त्यांना नक्की सांगता येईना. मुलाच्या हातावर भाजल्याची खूण होती म्हणतात, पण आता... तोंडाकडे बघू नका. पाय गाळात रुतले होते, ते तेवढे बरे राहिलेत."

जोडेवाल्याला यावर जवळजवळ धीर आला. पाय राहिलेत, मग काय अडलं? त्यानं कान बघितला. तिथे तीळ असायला कातडी नव्हती. तो पायांकडे आला, गुडघ्यांवर बसला आणि उजवा पाय त्यानं तळहातावर घेतला, आयुष्यभर घेत आला तसा. पाय थंड आणि जड होता.

"दात बघायचेत का?" माणसानं विचारलं. "एखादा किडलेला, पडलेला?"

"माहीत नाही."

"कधी हात मोडला होता? पडला होता कुठून?"

"माहीत नाही."

"उंची साधारण केवढी?"

जोडेवाल्यानं हवेत हात धरला, मग थोडा वर नेला, मग खाली घेतला. सतराव्या वर्षाचा पोरगा त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि त्याला जाणवलं की आपण त्याला उभा असा बघितलेलाच नाही. माणसानं पुढचं विचारलं नाही.

त्यानं पिशवीतून फर्मा काढून त्या पायाशेजारी ठेवला. तो पोराचा पाय होता आणि हा पुरुषाचा. दोघांत काही नातं असेल तर ते त्याला दिसेना. पाय सुजला होता, तेव्हा रुंदी धरून चालणार नव्हतं. अंगठ्याशेजारचं बोट लांब होतं. ते निम्म्या जगाचं असतं. टाचा भेगाळलेल्या, ओल्या फळ्यांवर अनवाणी हमाली करणाऱ्याच्या भेगाळणारच. मग त्यानं पाय उलटा करून तळव्यावरून अंगठा फिरवला आणि तो तिथेच थांबला.

तळव्याला कमान होती.

आता वाचणाऱ्याला वाटेल, सुटला बिचारा. त्यालाही पहिल्यांदा तेच वाटलं. माझा पोरगा बसक्या पायाचा, हा माझा नव्हे. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला, त्यानं श्वास घेतला, आणि तो श्वास सोडायच्या आत दुसरा विचार आला. बारा वर्षं आपण त्या तळव्याखाली चामड्याचे थर ठोकले ते कशासाठी? अशीच कमान यावी म्हणून. त्यानं पुन्हा अंगठा फिरवला. कमान जन्माची आहे की घडवलेली, हे हाताला कळायला हवं होतं. ह्या हातांना तर नक्कीच. कधी वाटे जन्माची, कधी वाटे आपल्या उंचवट्याचीच. आणि एक क्षण, एकच क्षण, त्याच्या मनात आलं, "जमलं की."

त्या दोन शब्दांची त्याला पुढे आयुष्यभर शिसारी येत राहिली. पोराचं प्रेत हातात असताना ज्याच्यातल्या कारागिराला आपलं काम फत्ते झाल्याचा आनंद होतो, असला बाप कुणाच्या वाट्याला येऊ नये. तो पाय त्यानं हळूच खाली ठेवला आणि भिंतीला धरून उभा राहिला. काम फसलं असतं तर पोरगा ओळखता आला असता. तो कामात चोख होता, म्हणून आता त्याला काहीच सांगता येत नव्हतं.

बाहेर इस्त्रीवाल्या बाईनं त्याच्यासाठी बाकावर जागा केली.

"तुम्ही पायांवरून ओळखता ना," ती म्हणाली. "मघाशी तुम्हीच सांगितलंत. मग सांगा ना, माझा आहे का तो?"

"तुमच्या मुलाचे पाय कसे होते?"

"चांगलेच असतील," ती म्हणाली. "कधी तक्रार नव्हती. पायांकडे कोण बघतं, भाऊ? मी त्याच्या कॉलरी बघितल्या. मान कुठे मळते ते मला ठाऊक आहे. ते काय कामाचं आता?"

शवागाराचा माणूस बाहेर आला आणि खाली बघत म्हणाला की उद्या सकाळी नगरपालिकेची गाडी येईल. कुणी हो म्हटलं नाही तर बेवारशांच्या जागेत नेतील, तिथे एका खड्ड्यात बरेच असतात. कुणीतरी एकानं हो म्हणावं.

तो गेल्यावर बाई म्हणाली, "मी हो म्हटलं तर माझा मेला. नाही म्हटलं आणि माझाच असला, तर आई असून बेवारस गेला. मी काय म्हणू?"

जोडेवाल्याला तिला काही सांगायचं होतं, पण त्याचं स्वतःचं डोकं चालत नव्हतं. नाही म्हणावं, घरी जावं, पोरगा जिवंत आहे असं बायकोला सांगावं. बायको खिडकीशी पडून वाट बघत राहील, आणि पोरगा इथे अनोळखी माणसांबरोबर एका खड्ड्यात. नाहीतर हो म्हणावं, आणि पोरगा उद्या एखाद्या गल्लीतून आला तर? बापानं जिवंतपणी पुरलं म्हणेल. आधीच त्याच्या लेखी बापानं कमी केलं नव्हतं.

"दोघं मिळून नेऊ," शेवटी तो म्हणाला. "माझा म्हणून नको, तुमचा म्हणूनही नको."

"कागदावर एकच सही घेतात."

"मी करतो. पण तुम्ही बरोबर या. बंदरापाशी चर्च आहे, तिथे माती देऊ."

"तुमच्या पाळकांनी म्हटलेली प्रार्थना माझ्या मुलाला चालेल ना? आमच्यात कुणी चर्चला जात नाही."

"न चालायला काय झालं," जोडेवाला म्हणाला. त्याला खरंतर ठाऊक नव्हतं.

बंदरापाशी एक लहानसं चर्च होतं. तिथला पाळक तरुण होता आणि त्या आठवड्यात इतक्या जणांना माती देऊन त्याचा आवाज बसला होता. जोडेवाल्याची नजर सवयीनं त्याच्या बुटांकडे गेली. टाचा बाहेरच्या बाजूनं झिजलेल्या होत्या. यावरून माणसाबद्दल काय सांगतात ते त्याला आठवेना, आणि आठवावंसंही वाटेना.

"नाव काय घेऊ?" पाळकानं विचारलं.

पेटी खड्ड्याशी ठेवलेली होती. बाई जोडेवाल्याकडे बघू लागली आणि जोडेवाला पेटीकडे. मग त्यानं सगळं सांगितलं. पाळकानं मान हलवत ऐकलं आणि तो म्हणाला, "परमेश्वराला प्रत्येक जण ठाऊक असतो. आईच्या पोटात असल्यापासून. हा कोण आहे ते त्याला माहीत आहे."

"माहीत आहे ना?" जोडेवाला म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पण बाई एक पाऊल मागे सरकली. "मग विचारा त्याला. तुमचं रोजचं बोलणं आहे. माझी बायको तिकडे अंथरुणात बसली आहे, तिला हो की नाही एवढंच हवंय. ज्याला सगळं ठाऊक आहे त्यानं एवढं सांगितलं तर त्याचं काय जातं?"

पाळकानं हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. दुसरा कुणी असता तर त्यानं इथे दोन चांगली वाक्यं फेकली असती.

"मला सांगत नाही तो," पाळक म्हणाला. "ह्या आठवड्यात मीही पुष्कळ विचारलं."

मग त्यानं नाव न घेताच प्रार्थना म्हटली. बाईला कुठे डोकं झुकवायचं ते कळत नव्हतं, म्हणून ती सारखी जोडेवाल्याकडे बघून तसं करत होती. माती टाकायच्या वेळी मात्र ती त्याच्या आधी पुढे झाली. दोघांनी टाकली. निघताना तिनं त्याला आपल्या गल्लीचं नाव सांगितलं आणि म्हणाली, तुमचा आला तर मला कळवा, म्हणजे मला कळेल. हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. जोडेवाला म्हणाला, तुमचा आला तर तुम्हीही कळवा.

परतीच्या बसमध्ये त्याच्यासमोर कुणी तरुण मुलगा बसला होता. जोडेवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा वरून सुरुवात केली. कपाळ, भुवया, नाक, ओठांखालचा व्रण. मुलानं दोनदा त्याच्याकडे बघितलं, मग वैतागून जागा बदलली.

घरी पोचला तेव्हा दुपार होती. खिडकीतून ऊन अंथरुणावर आलं होतं. बायकोनं त्याला दारात बघितलं, पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही.

"हो की नाही?"

वाटेत त्यानं दोन्ही उत्तरं घोकली होती. हो म्हटलं तर ती रडून मोकळी होईल. नाही म्हटलं तर आणखी काही वर्षं खिडकीशी जगेल. दोन्ही तिच्या भल्याचंच होतं. आणि दोन्ही सांगताना आपण पुन्हा ओळखल्याचा आव आणणार, हे त्याला दिसत होतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पाय हातात घेऊन बघितले. मला ओळखता आला नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"बसके होते का?"

"कमान होती."

तिचा चेहरा उजळला. ते त्याला सहन झालं नाही.

"अगं, कमान मी घडवत होतो ना," तो म्हणाला.

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं डोळे मिटून घेतले. तो पलंगाच्या कडेला बसला आणि त्यानं त्या बाईचं, खड्ड्याचं, पाळकाचं, सगळं सांगितलं. पेटीवर दोघांनी माती टाकली हे ऐकल्यावर ती म्हणाली, "बरं केलंत." डोळे तिनं मिटलेलेच ठेवले. त्याला वाटलं, ती प्रार्थना करते आहे.

"नाही," ती म्हणाली. "मला येत नाहीये. काय मागू? आपला नसू दे म्हणू, तर त्या बाईचा होऊ दे म्हणण्यासारखं होतं. ते मला म्हणवत नाही. इतकी वर्षं मी म्हणत आले, तू त्याला ओळखतोस, तू त्याला ओळखतोस. त्यानं ओळखून मला काय मिळालं? मला ओळखायचं होतं. मी आई आहे." ती भिंतीकडे वळायला गेली, पण कमरेनं वळू दिलं नाही. "तुम्ही म्हणा आज."

"मला कुठे येते?"

"म्हणा काहीतरी. मी ऐकते."

जोडेवाला पलंगाशेजारी खाली बसला. हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून ते त्यानं मांडीवर पालथे ठेवले. रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं.

"तुला दोघंही ठाऊक आहेत," तो म्हणाला. "जो मातीत आहे तो, आणि जो कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही तो. त्यातला एक आमचा आहे. कुठला, ते मला सांगणार नाहीस, तर नको सांगूस. मी विचारलं, पाळकानं विचारलं, आणखी काय करू?"

बायकोनं अंथरुणातून हात काढून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"पण जो आमचा आहे त्याला सांग. तुझं त्याच्याशी बोलणं होत असेल, मातीत असला तरी आणि नसला तरी. त्याला म्हणावं, तुझा बाप आला होता. त्याला ओळखता आलं नाही. पण तो आला होता, एवढं सांग."

आमेन म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही.